वाचक विचारतात : नगरपालिकेतली भिंत कुठून खचते

मागच्या अंकात युरोपातल्या नगरपालिकांवर लेख होता. तिथले प्रस्थापित पक्ष अतिउजव्या पक्षांशी स्थानिक पातळीवर कसे वागतात, कुठे अंतर राखतात आणि कुठे हातमिळवणी करतात, हा त्याचा विषय. त्यावर पुण्याच्या वेगवेगळ्या भागांतून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

माझा मुलगा ड्रेस्डेनला नोकरीला आहे. फोनवर तो सारखा 'ब्रांडमाउअर' असा शब्द वापरतो. हा तिथला कायदा आहे का? अतिउजव्या पक्षाशी बोलायलाही बंदी असते का?
– वाचक, कोथरूड

हा कायदा नाही. पक्षांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेले ते बंधन आहे. आपल्या पेठांमध्ये दोन वाड्यांना सामाईक भिंत असते, तशी जर्मन गावांत चिकटून बांधलेल्या घरांमध्ये एक जाड, बिनखिडकीची भिंत घालतात. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये, हा तिचा हेतू. तिचे नाव ब्रांडमाउअर.

राजकारणात हा शब्द एएफडी या अतिउजव्या पक्षामुळे रुळला. हा पक्ष २०१३ साली स्थापन झाला. डिसेंबर २०१८मध्ये हाम्बुर्गच्या अधिवेशनात सीडीयू या मधल्या उजव्या पक्षाने ठराव केला की एएफडीशी (आणि डाव्या 'लिंके' पक्षाशीही) युती किंवा युतीसारखे कोणतेही सहकार्य करायचे नाही. सगळी गडबड 'युतीसारखे' या शब्दात आहे. राज्य सरकारात मंत्रिपदे वाटली तर युती झाली हे उघड दिसते. पण तालुक्याच्या गावात शाळेच्या छपराच्या दुरुस्तीवर दोघांनी हात वर केले, तर ते सहकार्य धरायचे का? जुलै २०२३मध्ये सीडीयूचे अध्यक्ष फ्रीडरिश मेर्त्स दूरचित्रवाणीवर म्हणाले की एखाद्या गावात एएफडीचा महापौर निवडून आलाच, तर तिथले काम एकत्र कसे चालवायचे याचा मार्ग शोधावा लागेल. त्यांच्याच पक्षातून गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना खुलासा करावा लागला की स्थानिक पातळीवरही सहकार्य होणार नाही.

तुमच्या मुलाच्या शहरात हे प्रत्यक्ष घडले आहे. आश्रय मागणाऱ्यांना रोख रकमेऐवजी खर्चाचे कार्ड द्यावे, असा एएफडीचा प्रस्ताव २०२४ साली ड्रेस्डेनच्या नगर परिषदेत इतर पक्षांच्या मतांवर मंजूर झाला. त्यात सीडीयूचीही मते होती.

बोलायला बंदी नसते. एएफडीच्या नगरसेवकालाही तीच कागदपत्रे मिळतात, तोच माइक मिळतो आणि प्रश्न विचारायचा तोच हक्क असतो. भिंत असते ती पदे वाटून घेण्याला आणि एकमेकांच्या मतांवर ठराव मंजूर करून घेण्याला.

ही भिंत नेमकी कशी मोडते? जाहीर युती तर कोणी करताना दिसत नाही.
– वाचक, धनकवडी

जाहीर युती ही शेवटची पायरी असते. त्याआधी तीन-चार ठिकाणी भिंतीला ओल लागलेली असते.

पहिली जागा गुप्त मतदानाची. थुरिंगिया राज्याच्या विधानसभेत ५ फेब्रुवारी २०२० रोजी जे घडले ते कुठल्याही नगर परिषदेत घडू शकते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. तिथे मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत निम्म्याहून अधिक सदस्यांची मते लागतात. तिसऱ्या फेरीत ज्याला जास्त मते, तो निवडून येतो. डाव्या आघाडीचे बोडो रामेलो उमेदवार होते. एएफडीनेही आपला उमेदवार उभा केला होता. तिसऱ्या फेरीत एफडीपी या पाच आमदारांच्या छोट्या पक्षाचे थोमास केमेरिश उतरले. निकाल असा लागला : केमेरिश ४५, रामेलो ४४, एएफडीचा उमेदवार शून्य. एएफडीच्या आमदारांनी स्वतःच्या माणसाला एकही मत न देता सगळी मते केमेरिश यांच्या पारड्यात टाकली. सीडीयूच्या आमदारांनीही केमेरिश यांनाच मते दिली होती. केमेरिश यांनी शपथ घेतली, देशभर संताप उसळला, दुसऱ्याच दिवशी त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली आणि पाच दिवसांनी सीडीयूच्या अध्यक्ष आनेग्रेट क्राम्प-कारेनबाउअर यांनी चॅन्सेलरपदाच्या उमेदवारीतून माघार घेतली. 'त्यांनी मते दिली, आम्ही मागितली नव्हती' हा बचाव टिकला नाही, कारण पद स्वीकारायचे की नाही हे उमेदवाराच्याच हातात होते. तुमची मते निर्णायक ठरली तर मी पद घेणार नाही, हे मतदानाआधी सभागृहात सांगून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे लागते. निकालानंतर ते सांगण्यात अर्थ उरत नाही.

दुसरी जागा 'निरुपद्रवी' विषयांची. रस्त्यावरचे दिवे, सायकल मार्ग, अग्निशमन दलाचा बंब. अतिउजवे गट असे प्रस्ताव मुद्दाम भरपूर आणतात. इतरांनी विरोध केला तर 'बघा, दिव्यांनाही विरोध', आणि पाठिंबा दिला तर 'बघा, आमच्याशिवाय चालत नाही'. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात २००६ ते २०१६ या काळात एनपीडी हा उघड नवनाझी पक्ष विधानसभेत होता. तिथे इतर पक्षांनी आपसात ठरवले होते की एनपीडीचा कोणताही प्रस्ताव मंजूर करायचा नाही, आणि त्यावर सगळ्यांच्या वतीने एकाच सदस्याने उत्तर द्यायचे. राजधानीच्या नावावरून याला 'श्वेरीनची वाट' म्हणतात. मोजक्या आमदारांपुढे हे जमले. पूर्व जर्मनीच्या एखाद्या जिल्हा परिषदेत चौथा किंवा तिसरा हिस्सा सदस्य एएफडीचे असतात, तिथे इतर सगळ्यांनी दर वेळी एकत्र यायचे म्हटले की त्यांचे आपापसातले खरे मतभेदही दाबले जातात आणि मतदाराला 'हे सगळे एकच' असे वाटू लागते. विषय खरोखर गावाच्या गरजेचा असेल, तर त्यावर आपला स्वतंत्र प्रस्ताव, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या खर्चाच्या आकड्यांसह मांडणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय. त्यासाठी मात्र गटाच्या कार्यालयात कार्यपत्रिका आठवडाभर आधी वाचणारे कोणीतरी हवे, आणि छोट्या गावात तेच नसते. बैठकीच्या सकाळी कागद उघडला की मग सोयीने हात वर होतो.

तिसरी जागा गैरहजेरीची. ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. त्यामुळे तटस्थ राहणे किंवा सभात्याग करणे हे बऱ्याचदा अर्ध्या मताइतके काम करते. कोणी पाठिंबा दिला हे शोधताना कोण बाहेर गेले होते हेही पाहावे.

चौथी जागा सर्वात गंभीर. तिथे अतिउजव्यांच्या गाभ्याच्या मागणीलाच मते मिळतात. डिसेंबर २०२२मध्ये बाउत्झेनच्या जिल्हा परिषदेत एएफडीचा प्रस्ताव सीडीयूच्या मतांसह मंजूर झाला. देश सोडण्याचा आदेश झालेल्या परदेशी लोकांना एकात्मीकरणाच्या सेवा देऊ नयेत, असा तो प्रस्ताव होता. दिव्याच्या खांबाला दिलेले मत आणि हे मत एका तराजूत तोलता येणार नाही. इथे एका पक्षाने दुसऱ्याची माणसांकडे पाहण्याची दृष्टीच स्वीकारली.

तरीही सगळी भिंत पडली असे समजू नये. बर्लिनच्या डब्ल्यूझेडबी या संशोधन संस्थेने पूर्व जर्मनीतल्या जिल्हा आणि शहर परिषदांमधले २०१९ ते २०२४ या काळातले एएफडीचे प्रस्ताव तपासले. सुमारे ८० टक्के प्रस्तावांना इतरांची थेट साथ मिळाली नव्हती.

लोकांनी निवडून दिले असेल तर समित्यांतून बाहेर ठेवणे लोकशाहीला धरून आहे का?
– वाचक, वडगाव शेरी

समित्यांतून बाहेर ठेवलेच जात नाही. ठेवूही नये. समितीची जागा आणि सत्तेतले पद यांत फरक आहे. अनेक देशांत समितीच्या जागा संख्याबळाप्रमाणे कायद्यानेच मिळतात. ब्रिटनमध्ये १९८९च्या स्थानिक शासन व गृहनिर्माण कायद्याने हे बंधनकारक केले. किमान दोन सदस्य असले की गट होतो आणि गटाला प्रमाणात जागा द्याव्या लागतात. ऑस्ट्रियाच्या काही राज्यांत याहून पुढची व्यवस्था आहे. गावाच्या कार्यकारी मंडळातल्या जागाही मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून एफपीओ हा अतिउजवा पक्ष कोणाशीही युती न करता तिथे बसतो.

पुण्यातही तत्त्व तेच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१-अ प्रमाणे स्थायी समितीच्या जागा तौलनिक संख्याबळावर भरतात. हिशेब करून दाखवतो, कारण वृत्तपत्रांत तो सहसा छापला जात नाही.

पुण्यात निवडून येणारे नगरसेवक १६५ आणि स्थायी समितीचे सदस्य १६. भागाकार १०.३१२५. प्रत्येक पक्षाच्या संख्येला या आकड्याने भागायचे. समजा सभागृहात पाच पक्ष आहेत : 'अ' ८४, 'आ' ३८, 'इ' २२, 'ई' १२ आणि 'उ' ९. उत्तरे येतात अनुक्रमे ८.१५, ३.६९, २.१३, १.१६ आणि ०.८७. आधी पूर्णांक मोजायचे : ८, ३, २, १, ०. झाले १४. उरलेल्या दोन जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणजे एक 'उ'ला (०.८७) आणि एक 'आ'ला (०.६९). अंतिम वाटप : ८, ४, २, १, १.

आता नीट पाहा. 'अ'कडे सभागृहात ८४ म्हणजे स्पष्ट बहुमत आहे, पण स्थायी समितीत १६ पैकी ८च. बहुमताला ९ लागतात. नववे मत कोणाचे? ते मिळवण्यासाठी ९ नगरसेवकांच्या 'उ' पक्षाकडे जाणे सर्वात स्वस्त पडते. 'अ' आणि 'उ' यांनी आघाडी नोंदवली तर ९३ भागिले १०.३१२५ म्हणजे ९.०२. समितीत सरळ ९ जागा. त्याहून महत्त्वाचे असे की निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत विभागीय आयुक्तांकडे ही आघाडी नोंदवली, की तिला १९८६चा सदस्य अनर्हता कायदा लागू होतो. म्हणजे 'उ'चा नगरसेवक आघाडीच्या पक्षादेशाविरुद्ध गेला तर त्याचे पद जाऊ शकते. नुसत्या तोंडी पाठिंब्याला ही ताकद नसते.

जर्मनीत अशा मोजणीपुरत्या आघाडीला वेगळा शब्दच आहे, आणि भिंतीला पहिली भेग अनेकदा तिथेच पडते. 'फक्त समितीच्या जागेसाठी' म्हणून केलेली मोजणी पुढे अर्थसंकल्पाच्या मतदानात वसूल केली जाते. लहान गट अतिउजवा असो वा कोणताही, नवव्या मताची किंमत तो त्याला हव्या त्या विषयात मागतो. पुण्यात ती एखादा चौक कोणाच्या नावाने ओळखला जावा इथपासून कोणत्या वस्तीला अतिक्रमणाची नोटीस जावी इथपर्यंत काहीही असू शकते.

महापौर निवडताना मधल्या उजव्या पक्षापुढे खरोखर पर्याय असतो का? राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी उदाहरणे हवी आहेत.
– विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

पर्याय असतो, पण त्याचा आकार निवडणुकीचा नियम ठरवतो. दोन देश शेजारी ठेवून वाचा.

स्पेनमध्ये नगरसेवक महापौर निवडतात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर ज्या यादीला शहरात सर्वाधिक मते होती तिचा पहिला उमेदवार आपोआप महापौर होतो. दुसरी फेरी नाही, पुढची तारीख नाही. २०१९मध्ये माद्रिदच्या ५७ जागांत डाव्या 'मास माद्रिद'ला १९, मधल्या उजव्या पीपीला १५, मध्यममार्गी सिउदादानोसला ११ आणि अतिउजव्या व्हॉक्सला ४ जागा होत्या (उरलेल्या समाजवाद्यांच्या). बहुमत २९चे. पीपी आणि सिउदादानोस मिळून २६. व्हॉक्सने मते दिली नसती तर डावा महापौर आपोआप बसला असता. व्हॉक्सची चार मते आली आणि पीपीचे आल्मेइदा ३० मतांनी महापौर झाले. या नियमात शेवटच्या चार मतांचा भाव अवाच्या सवा वाढतो, आणि ज्याच्याकडे ती असतात त्याला काहीच न करता डाव्यांना सत्ता मिळवून देण्याची धमकी देता येते. २०२३मध्ये बऱ्याच शहरांत पीपीने व्हॉक्सला थेट उपमहापौरपदे आणि खाती दिली.

फ्रान्समध्ये दोन फेऱ्या असतात आणि मधल्या काळात याद्या एकत्र करता येतात. मोह तिथेच होतो. पॅरिसच्या पश्चिमेला ड्रो नावाचे छोटे शहर आहे. सप्टेंबर १९८३च्या पोटनिवडणुकीत झाँ-प्येर स्तिर्ब्वा यांच्या फ्राँ नासिओनाल या अतिउजव्या पक्षाच्या यादीला पहिल्या फेरीत १६.७ टक्के मते पडली. तोवर हा पक्ष देशात कोणी गंभीरपणे घेत नव्हते. दुसऱ्या फेरीसाठी आरपीआर-यूडीएफ या प्रस्थापित उजव्यांनी आपली यादी त्यांच्याशी एकत्र केली, सुमारे ५५ टक्के मतांनी डाव्यांना हरवले आणि स्तिर्ब्वा उपमहापौर झाले. पुढच्याच वर्षी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत फ्राँ नासिओनालला देशभर जवळपास ११ टक्के मते मिळाली. १९८९मध्ये त्याच ड्रो मतदारसंघातून त्यांच्या पत्नी मारी-फ्रान्स स्तिर्ब्वा ६१ टक्के मतांनी खासदार झाल्या. समोर उमेदवार होता आरपीआरचा, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या मित्रपक्षाचा. ड्रोतल्या उजव्यांनी नगरपालिका मिळवली आणि आपलाच मतदार गमावला. हे उदाहरण अभ्यासात ठेवाच.

एखाद्या गावात त्यांचा महापौर थेट निवडून आला तर तो काय करू शकतो?
– वाचक, बिबवेवाडी

लोक घाबरतात त्यापेक्षा कमी, आणि दुर्लक्ष करावे त्यापेक्षा जास्त. जून २०२३मध्ये थुरिंगियातल्या झोनेबर्ग जिल्ह्यात एएफडीचे रोबेर्ट झेसेलमान ५२.८ टक्के मतांनी जिल्हाप्रमुख झाले, जर्मनीत त्या पक्षाचे पहिलेच. निर्वासितांचे कायदे, सीमा, चलन यांवर प्रचार झाला, आणि यातले काहीच जिल्हाप्रमुखाच्या हातात नसते. बहुतेक काम राज्याने आणि केंद्राने ठरवलेल्या कायद्यांची अंमलबजावणी करणे हेच. पण नेमणुका, समारंभ, कोणत्या संस्थेला अनुदान चालू ठेवायचे, कोणत्या उपक्रमाला सभागृह द्यायचे, हे स्थानिकच असते. स्वीडनच्या सोल्व्हेसबोर्गमध्ये २०१८नंतर अतिउजव्या स्वीडन डेमोक्रॅट्सच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने नगरपालिकेवर इंद्रधनुषी झेंडा फडकवणे बंद केले. त्या आघाडीत मॉडरेट आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट हे प्रस्थापित पक्ष होते. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२२मध्ये, राष्ट्रीय पातळीवर 'टिडो करार' झाला तेव्हा याच पक्षांनी स्वीडन डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्यावर सरकार बनवले. गावातली आघाडी ही रंगीत तालीम ठरली.

दूर ठेवण्याने ते वाढतात की कमी होतात? दोन्ही बाजूंचे लोक छातीठोकपणे बोलतात.
– वाचक, औंध

दोन्ही बाजूंकडे एकेक गाव आहे, म्हणून.

बेल्जियमच्या निनोव्ह गावात गी दहासेलेर यांच्या फोर्झा निनोव्हला २०१८मध्ये ४० टक्के मते आणि ३५ पैकी १५ जागा मिळाल्या. हा गट व्लाम्स बेलांग या अतिउजव्या पक्षाशी जोडलेला आहे. बेल्जियममध्ये १९८९पासून त्यांच्याशी युती न करण्याची नाकेबंदी चालत आली आहे. ती पाळून उरलेल्या पक्षांनी एकत्र सत्ता स्थापन केली. ऑक्टोबर २०२४मध्ये फोर्झा निनोव्हला ४७ टक्के मते आणि १८ जागा मिळाल्या. आता कोणाची गरजच उरली नाही. व्लाम्स बेलांगच्या पंखाखालचा हा पहिला महापौर.

उलट लंडनच्या पूर्वेला बार्किंग आणि डॅगनम. २००६मध्ये अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीने (बीएनपी) तिथे ५१ पैकी १२ जागा जिंकल्या आणि मुख्य विरोधी पक्ष बनली. २०१०मध्ये बाराच्या बारा जागा गेल्या, ५१ही लेबरकडे आल्या. मधल्या चार वर्षांत तिथे बीएनपीला सत्तेत कोणी घेतले नाही. घरोघर जाऊन माणसांचे म्हणणे ऐकण्याचे काम लेबरने आणि वर्णद्वेषविरोधी गटांनी प्रचंड केले. घरांच्या वाटपाबद्दलचा राग हे बीएनपीच्या मतांचे मूळ होते आणि त्याच विषयावर दारात उभे राहून उत्तरे द्यावी लागली. शिवाय त्याच दिवशी संसदेची निवडणूक होती, त्यामुळे मतदान वाढले. हे श्रेय वगळता येणार नाही.

दूर ठेवणे हे औषध नाही, जखमेवरचा पट्टा आहे, असे आमचे मत आहे. पट्टा हवाच, कारण ड्रोसारखे पद देऊन टाकल्यावर परतीची वाट फार लांब असते. पण पट्ट्याखाली जखम साफ केली नाही तर निनोव्ह होते. केवळ 'त्यांना नको' या एका कलमावर बांधलेली सहा पक्षांची आघाडी गटारे आणि घरे यांवर भांडत बसली, की चार-सहा वर्षांत मतदार तिलाच शिक्षा करतो.

हे सगळे परक्या देशांचे. आपल्याकडे हाच शब्द लावता येईल का?
– वाचक, नाना पेठ

पक्षांवर जसाच्या तसा चिकटवू नये. युरोपातला 'अतिउजवा' हा शब्द तिथल्या युद्धाच्या, वसाहतींच्या आणि स्थलांतराच्या इतिहासातून आला आहे. आपल्याकडे जात, धर्म, भाषा यांची गुंतागुंत वेगळी आहे, आणि एकाच पक्षाचे दोन प्रभागांतले नगरसेवक अगदी वेगळे बोलताना दिसतात. म्हणून पक्षाऐवजी प्रस्ताव तपासावा. एखादा ठराव जन्मावरून, धर्मावरून किंवा कुठून आला यावरून नागरिकाची सोय काढून घेतो का? ज्याच्यावर परिणाम होणार त्याला बोलावून ऐकले का? तोच नियम सर्व वस्त्यांना सारखा लावला आहे का? या तीन प्रश्नांवर जो ठराव अडतो तो कोणत्याही झेंड्याखाली आला तरी त्याला विरोध व्हायला हवा.

भिंती आणि त्यांच्यातली दारे मात्र आपल्याकडेही आहेत. २००७मध्ये पुण्यात राष्ट्रवादी काँग्रेस, शिवसेना आणि भाजप एकत्र आले आणि सुरेश कलमाडी यांच्या काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवले. राज्यात आणि केंद्रात तेव्हा हाच राष्ट्रवादी पक्ष काँग्रेसच्या सोबत सरकारात होता. 'पुणे पॅटर्न' हे नाव तेव्हाचे, आणि तो दोनेक वर्षांतच मोडला. अलीकडे, डिसेंबर २०२५च्या नगरपालिका निवडणुकांनंतर, अकोटमध्ये भाजप आणि एमआयएम, तर अंबरनाथमध्ये भाजप आणि काँग्रेस स्थानिक आघाडीत एकत्र दिसले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशा युत्या चालणार नाहीत असे जाहीर केले आणि काँग्रेसने अंबरनाथच्या आपल्या नगरसेवकांवर कारवाई केली. कारण जर्मनीतलेच आहे : पक्षाचे तत्त्व राजधानीत ठरते, पण समितीची जागा गावात मोजली जाते.

आमच्या नगरसेवकाने कोणाच्या ठरावाला मत दिले हे कसे शोधायचे? विचारले की 'एकमताने मंजूर झाला' एवढेच उत्तर मिळते.
– वाचक, हडपसर

मुख्य सभेची कार्यपत्रिका आधी मिळवा. विषय क्रमांक, सूचक आणि अनुमोदक ही तीन नावे टिपा. सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक दुसऱ्याचा असेल तर तिथेच खूण करा. हातमिळवणी सर्वात आधी याच ओळीत दिसते.

मग उपसूचना पाहा. मूळ प्रस्ताव साधा असतो, कार्यपत्रिकेत छापलेला असतो. उपसूचना सभेत ऐन वेळी दिली जाते आणि छापील कागदावर ती सापडत नाही. त्यामुळे सभेनंतर फक्त कार्यपत्रिका वाचणाऱ्याची फसगत होते. ठरावाचा अंतिम मजकूर इतिवृत्तातच मिळतो.

'एकमताने' या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की कोणी मतदान मागितले नाही. मतदान मागितले तरच कोण कुठल्या बाजूला होते याची नोंद होते. म्हणून तुमच्या नगरसेवकाला 'तुम्ही कुठे मत दिले' असे न विचारता 'तुम्ही मतदान मागितले होते का, विरोध नोंदवायला सांगितले होते का' असे विचारा. याचे उत्तर इतिवृत्ताशी ताडून पाहता येते.

माहिती अधिकारात अर्ज नगरसचिव कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रतीचे पानामागे २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. 'सर्व ठरावांची माहिती द्या' असे लिहू नका, तो अर्ज हमखास परत येतो. सभेची तारीख आणि विषय क्रमांक घाला, आणि चार गोष्टी नावानिशी मागा : ठरावाचा अंतिम मजकूर, उपसूचनांच्या प्रती, हजेरीपत्रक आणि मतदान झाले असल्यास नाववार नोंद. हजेरीपत्रक सहसा कोणी मागत नाही, पण सभात्याग केलेले आणि आलेच नसलेले त्याशिवाय वेगळे काढता येत नाहीत.

आघाडीची नोंद महापालिकेत शोधू नका, ती विभागीय आयुक्त कार्यालयात असते. तिथे आघाडीचे नाव, गटनेता आणि सदस्यांच्या सह्यांची यादी मागा. स्थायी समितीच्या जागांचा वर दाखवलेला भागाकार त्या यादीवरून स्वतः करून पाहता येतो.